सदतिसाव्या वर्षी भूवैज्ञानिक होता येते का?

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वहीची चार पाने, दोन्ही बाजूंनी भरलेली. त्यांचे शौहर पंधरा वर्षे बोअरच्या गाडीवर आहेत. आधी रॉड उचलणारे हेल्पर होते, आता स्वतः मशीन चालवतात. बारावी विज्ञान पास झाले त्याच उन्हाळ्यात त्यांच्या अब्बांचा इंतकाल झाला. घरात धाकटी भावंडे, म्हणून कॉलेजचा फॉर्म तसाच राहिला. चार वर्षे गॅरेजमध्ये काढली आणि मग गाडी धरली. आज भावंडे आपापल्या संसाराला लागली आहेत, स्वतःची तीन मुले शाळेत जातात, थोरली मुलगी नववीत आहे. आणि गेल्या रमजानपासून मुलांच्या अब्बांनी घरात एकच विषय लावून धरला आहे, की मला भूवैज्ञानिक व्हायचे आहे.

भगिनी लिहितात की सासूबाई हसतात, दीर म्हणतात की भाईजान, आता पोरांच्या फीचे बघा. त्या स्वतः हसत नाहीत, पण त्यांना भीती वाटते. नवरा सदतीस वर्षांचा, गाडी हंगामात चालते आणि पावसाळ्यात उभी राहते, शिलाई मशीनवर त्यांची स्वतःची थोडी कमाई आहे. 'तुम्ही नुसती हिंमत देऊ नका,' असे त्यांनी खाली रेघ मारून लिहिले आहे. 'किती शिकावे लागेल, किती वर्षे लागतील आणि शेवटी हातात काय येईल, ते खरे सांगा.'

रेघ मारलेले ते वाक्य आम्हाला आवडले. शिक्षणाच्या बाबतीत आपल्या समाजात हल्ली भाषणे पुष्कळ होतात. हिशेब मात्र कोणी मांडून देत नाही. तेव्हा या महिन्यात हिशेबच मांडू.

आधी एक गैरसमज दूर करू. भूशास्त्र म्हणजे भूगोल नव्हे. आम्ही स्वतः शाळेत असताना दोन्ही एकच समजत होतो, आणि आजही बारावीनंतर 'मला जिऑलॉजी करायचंय' म्हणून बी.ए.च्या भूगोलाला नाव घातलेली मुले भेटतात. भूशास्त्र हा विज्ञान शाखेचा विषय आहे. खडक कसे झाले, खनिजे कुठे असतात, पाणी कुठल्या थरातून वाहते, डोंगर का खचतो, बोगदा कुठून काढावा, हे सारे त्यात येते. पाण्याशी संबंधित शाखेला भूजलशास्त्र म्हणतात. आपल्या या बंधूंचा जीव खरा त्यात अडकला आहे, कारण पत्रात लिहिले आहे की बोअर कोरडी गेली की ते दोन दिवस नीट जेवत नाहीत.

त्याचे कारण आम्हाला समजते. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग काळ्या पाषाणावर वसला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि थिजले, तोच हा बेसाल्ट. नदीकाठच्या वाळूत पाणी सगळीकडे सारखे मुरते, तसे या खडकात होत नाही. ते भेगांत, सच्छिद्र थरांत, दोन थरांच्या सांध्यात सापडते. म्हणून एका शेतात दीडशे फुटांवर पाणी लागते आणि बांधापलीकडे पाचशे फूट जाऊनही नुसता फुफाटा उडतो. शेतकरी कर्ज काढून बोअर घेतो, पाणाडी हातावर नारळ उभा करून जागा दाखवतो आणि फुटाच्या दराने पैसे जातात. आमच्याही घराच्या मागे अशाच सल्ल्याने घेतलेल्या दोन कोरड्या बोअर आहेत. एकीवर आता मोगऱ्याची कुंडी ठेवली आहे. नारळ दोन्ही वेळा उभा राहिला होता.

या बंधूंजवळ काय आहे ते कॉलेजात बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलाजवळ नसते. पंधरा वर्षे त्यांनी जमिनीतून वर येणारा चुरा पाहिला आहे. काळा चुरा येता येता तांबडा झाला की दोन लाव्हाथरांमधली गेरूसारखी पट्टी लागली, हातोडीचा आवाज बदलला की खडक बदलला, हे त्यांच्या हाताला कळते. पुस्तकातल्या भाषेत याला छिद्रनोंद म्हणतात आणि एम.एस्सी.ची मुले ती करायला शिकतात. इतिहासात याची एक मोठी साक्षही आहे. इंग्लंडचा विल्यम स्मिथ हा लोहाराचा मुलगा. कालव्यांची मोजणी करता करता खोदकामात दिसणारे थर तो टिपत गेला आणि 1815 मध्ये त्याने इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूशास्त्रीय नकाशा छापला. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. पण गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. 1819 मध्ये तो कर्जापायी तुरुंगात गेला, आणि विद्वानांच्या संस्थेने त्याला पदक दिले ते 1831 मध्ये. इल्म होता, कागद नव्हता, आणि घरावर कर्ज होते. आपल्या बंधूंची अडचण काही वेगळी नाही.

स्मिथच्या काळात कागदाशिवाय नकाशा छापता आला. आज कुठलेही सरकारी खाते किंवा कंपनी आधी कागद मागते. हा कागद मिळवण्याची वाट अशी आहे.

पहिली पायरी बारावी विज्ञान. ती या बंधूंनी एकोणीस वर्षांपूर्वी ओलांडली आहे आणि बारावीचा निकाल शिळा होत नाही. ज्यांची बारावी कला किंवा वाणिज्यची आहे त्यांना मात्र इथेच थांबून विचार करावा लागेल, कारण बी.एस्सी.ला विज्ञानाचीच बारावी लागते. अशांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा रस्ता आहे. दहावी पास माणूस कुठल्याही वयात तिथे भौतिक, रसायन, गणित, भूगोल असे विषय घेऊन बारावीला बसू शकतो. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, विषय एकेक करूनही सोडवता येतात. प्रात्यक्षिके केंद्रावर जाऊन करावी लागतात, ती चुकवता येत नाहीत.

दुसरी पायरी भूशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी. इथे वयाची वरची मर्यादा साधारणपणे आड येत नाही. आड येते ती हजेरी. नियमित कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी भरावी लागते, दुपारभर प्रयोगशाळा असते, आणि वर्षातून एकदा क्षेत्रअभ्यासाला डोंगर तुडवायला जावे लागते. शिवाय हा विषय प्रत्येक कॉलेजात नसतो. पुण्यात फर्ग्युसन आणि वाडिया, मुंबईत सेंट झेवियर्स ही जुनी नावे आहेत. पुणे, नागपूर आणि अमरावती विद्यापीठांत भूशास्त्राचे विभाग आहेत, नांदेड आणि सोलापूर विद्यापीठांत भूविज्ञान संकुले आहेत, पण तिथे प्रामुख्याने पदव्युत्तर शिक्षण चालते. आधी आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजात विषय आहे का, हे कार्यालयात जाऊन विचारावे. तालुक्याच्या गावाहून रोजची एसटी पकडून जाता येण्याजोगे कॉलेज नसेल तर राहण्याचा खर्च आला, आणि तो आला की अर्धा बेत तिथेच कोसळतो.

म्हणून दुसरा पर्याय आम्हाला या घरासाठी जास्त बरा वाटतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या बी.एस्सी.मध्ये भूशास्त्र हा विषय आहे. वयाची वरची अट नाही, आणि तीन वर्षांचा अभ्यास सहा वर्षांपर्यंत पसरवता येतो. पुस्तके घरी येतात. पण एक गोष्ट पैसे भरण्याआधी पक्की करून घ्यावी. भूशास्त्राची प्रात्यक्षिके प्रत्येक अभ्यासकेंद्रावर होत नाहीत. विभागीय केंद्राला लेखी विचारावे की आमच्या जवळ हा विषय कुठल्या केंद्रावर चालतो आणि प्रात्यक्षिकांसाठी सलग किती दिवस यावे लागेल. हे न विचारता प्रवेश घेऊन दुसऱ्या वर्षी विषय बदलणारे आम्ही पाहिले आहेत. विषय बदलला की भूवैज्ञानिक होण्याची गोष्टच संपते. पुस्तके इंग्रजीत आहेत, हेही मनाची तयारी म्हणून सांगून ठेवतो. भाषा अवघड नाही, शब्द अवघड आहेत, आणि त्यातले अर्धे शब्द या बंधूंनी हाताळलेल्या वस्तूंचे आहेत.

तिसरी पायरी एम.एस्सी. भूशास्त्र किंवा उपयोजित भूशास्त्र. भगिनींनी विचारले आहे की नुसत्या बी.एस्सी.वर चालणार नाही का? याचे सरळ उत्तर असे की आपल्या देशात भूवैज्ञानिक या पदाच्या दारावर बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. लिहिलेले असते. बी.एस्सी.वर सर्वेक्षणातला मदतनीस, खाणीवरचा नमुने घेणारा, तेलविहिरीवर चुऱ्याची नोंद ठेवणारा उमेदवार अशी कामे मिळतात. अहवालाखाली सही करणारा माणूस व्हायचे असेल तर आणखी दोन वर्षे. या दोन वर्षांसाठी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असते. आयआयटीत जायचे तर 'जॅम' नावाच्या परीक्षेत भूशास्त्राचा पेपर असतो आणि त्या परीक्षेला वयाची अट नाही. मुंबईच्या आयआयटीत उपयोजित भूशास्त्राची एम.एस्सी. आहे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठातही भूशास्त्राचा जुना विभाग आहे. पण सदतीस वर्षांच्या संसारी माणसाला आम्ही अलिगढ सुचवणार नाही. त्यांनी नांदेड, सोलापूर किंवा पुणे पाहावे. एम.एस्सी. नियमितच करावी लागेल, घरबसल्या होणार नाही, असे धरून चालावे. ही दोन वर्षे गाडी सुटणार. तो खड्डा कशाने भरायचा याचा विचार आज करायचा, पाच वर्षांनी नव्हे.

आता भगिनींचा कठीण प्रश्न, शेवटी हातात काय येईल.

तीन वर्षे बी.एस्सी. आणि दोन वर्षे एम.एस्सी., नव्या रचनेत चार आणि एक, कसेही मोजले तरी पाच. सगळे वेळेवर झाले तर बंधू बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचे असतील. मुक्त विद्यापीठात रेंगाळले तर पंचेचाळीस. आता या वयाला कुठली दारे बंद असतात ते पाहा.

देशातले सर्वांत मोठे दार म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. 1851 पासूनची संस्था, मुख्यालय कोलकात्यात, मध्य विभागाचे कार्यालय आपल्या नागपुरात. तिथल्या आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या पदांसाठी संघ लोकसेवा आयोग भू-वैज्ञानिकांची एकत्रित परीक्षा घेतो. वयोमर्यादा बत्तीस, इतर मागासवर्गीयांना पस्तीस. म्हणजे हे दार बंद. त्याचा शोक करू नये आणि कोणी क्लासवाला 'फी भरा, बघू' म्हणाला तर त्याच्या दुकानाची पायरी चढू नये. सरकारी तेल आणि कोळसा कंपन्यांत नव्या भूवैज्ञानिकांची भरती तिशीच्या आसपासच संपते. संशोधनाची कनिष्ठ शिष्यवृत्तीही तिशीपलीकडे सर्वसाधारण उमेदवाराला मिळत नाही.

राज्याचे दार थोडे किलकिले आहे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिचे मुख्य कार्यालय पुण्यात. भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आहे, ते नागपुरात. यांतली भूवैज्ञानिकांची राजपत्रित पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. राज्यसेवेत वयाची सर्वसाधारण मर्यादा अडतीस आहे आणि मागासवर्गीयांना त्रेचाळीस. पत्रात बंधू पिंजारी समाजाचे असल्याचे लिहिले आहे. पिंजारी, मोमीन अशा आपल्यातल्या अनेक जमाती राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. म्हणजे सगळे वेळेवर झाले तर एखादी जाहिरात त्यांच्या वयात बसू शकेल. पण जाहिरात दरवर्षी येत नाही, आणि आली तरी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. या एका जाहिरातीच्या भरवशावर पाच वर्षे लावणे आम्हाला मान्य नाही. मिळाली तर अल्लाहची मेहरबानी, हिशेबात मात्र धरू नये.

मग उघडे काय आहे? एक, खाजगी काम. भूवैज्ञानिकाला आपल्याकडे डॉक्टर-वकिलांसारखी परिषदेची सनद लागत नाही. पदवी आणि अनुभव हीच सनद. खाणीचा आराखडा तयार करणाऱ्याला खनिज नियमांनुसार खाण अभियांत्रिकीची पदवी किंवा भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि खाणकामातला पाच वर्षांचा पर्यवेक्षणाचा अनुभव लागतो. त्यात वय विचारलेले नाही. मेट्रो, रेल्वे, धरणे, घाटातले बोगदे यांच्या कंत्राटदारांकडे आणि सल्लागारांकडे भूवैज्ञानिक लागतात. कारखान्यांना पर्यावरण परवानगीसाठी भूजलाचे अहवाल लागतात, आणि ते लिहिणाऱ्या संस्थांना असा माणूस हवा असतो ज्याला यंत्राची भीती वाटत नाही. दुसरे, अध्यापन. सहायक प्राध्यापकपदाच्या नेट आणि सेट परीक्षांना वयाची वरची मर्यादा नाही. मात्र एम.एस्सी.ला पंचावन्न टक्के लागतात, इतर मागासवर्गीयांना पन्नास. तेव्हा नुसते पास होऊन भागणार नाही. आणि तिसरे, पाण्यावर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था. इथे पन्नाशीचा माणूस अठ्ठावीस वर्षांच्या मुलापेक्षा जास्त चालतो. कारण गावातल्या चावडीवर शेतकऱ्याला 'चाचा, इथे बोअर घेऊ नका' असे सांगायला दाढीत दोन पांढरे केस असावे लागतात.

याच संदर्भात एक आखूड वाट सांगतो. बंधूंनी पदवीच्या आधी ती चालून पाहावी असे आम्हाला वाटते. पुण्यात ॲक्वाडॅम नावाची संस्था आहे. भूशास्त्र न शिकलेल्या, पण पाण्यावर काम करणाऱ्या लोकांना ती भूजलाचे प्रशिक्षण देते. विहिरींची पातळी मोजणे, खडकांचा नकाशा काढणे, कुठला थर पाणी धरतो ते ओळखणे, असे काम त्यात असते. गुजरात आणि राजस्थानात एका प्रकल्पात गावच्याच स्त्रीपुरुषांना असे शिकवून 'भूजल जाणकार' तयार केले गेले. ते आपल्या गावच्या विहिरी मोजतात आणि पाऊस किती मुरला ते गावाला सांगतात. त्यांना कोणी भूवैज्ञानिक म्हणत नाही, पगारही बेताचा. पण असे शिक्षण घेऊन आल्यावर बंधूंना एक गोष्ट नक्की कळेल, की आपल्याला खरोखर शास्त्र हवे आहे, की गाडीच्या धुळीतून सुटका हवी आहे. दोन्ही इच्छा जायज आहेत. पण दुसरीसाठी पाच वर्षांची गरज नाही.

आता कागदपत्रे. या सदराच्या टपालात सर्वांत जास्त रडगाणे कागदांचे असते. मोठ्या वयात शिकायला निघालेल्या आपल्या माणसाची पहिली ठेच बहुधा नावालाच लागते. शाळेच्या दाखल्यावर शेख पुढे, आधारवर शेख मागे, बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव वेगळ्या स्पेलिंगचे, जातीच्या दाखल्यावर चौथेच. अठराव्या वर्षी कारकून डोळेझाक करतो. सदतिसाव्या वर्षी खिडकीवर प्रत्येक अक्षर मोजले जाते. सगळे कागद टेबलावर एका ओळीत मांडावेत आणि ज्या नावावर दहावी-बारावी झाली आहे ते नाव प्रमाण मानून बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्यावेत. जिथे जुळत नाही तिथे राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा. याला महिने लागतात, म्हणून प्रवेशाच्या आधी सुरुवात. शिक्षणातल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची मुदत संपत असते. केंद्राच्या नोकरीचा नमुना वेगळा आणि राज्याचा वेगळा, हेही अनेकांना फॉर्म फेटाळला गेल्यावर कळते. या एका कामात आम्ही भगिनींनाच पुढे व्हायला सांगू. पत्रातले त्यांचे अक्षर पाहता हे काम त्या नवऱ्यापेक्षा नीट करतील.

पैशाबद्दल थोडक्यात. मुक्त विद्यापीठाची फी हा मोठा भार नाही, पहिली तीन-चार वर्षे गाडीवरचे काम चालू ठेवून निभतील. पावसाळ्यात गाडी उभी असते, तोच अभ्यासाचा हंगाम. खरा भार एम.एस्सी.च्या दोन वर्षांचा, आणि नेमकी तेव्हा थोरली मुलगी कॉलेजात असेल. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शिक्षणासाठी कर्ज देते, पण आम्ही या घराला कर्जाचा सल्ला देणार नाही, आणि त्याचे कारण केवळ व्याज हे नाही. बापाचे आणि मुलीचे शिक्षण एकाच वेळी कर्जावर उभे राहिले तर एकाचे बंद पडते, आणि ते कोणाचे बंद पडते ते आपल्याला ठाऊक आहे. दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून दोन वर्षांच्या घरखर्चाचा निम्मा तरी गल्ला आधी जमला पाहिजे. तो जमला नाही तर एम.एस्सी. एक-दोन वर्षे पुढे ढकलावी. मुलीच्या प्रवेशाचे पैसे त्यात कधीही ओढू नयेत. बंधूंनी हे तिच्यासमोर कबूल करावे.

सासूबाईंना एक गोष्ट सांगा. औरंगाबाद हे शहर जेव्हा खडकी नावाचे होते, तेव्हा, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, मलिक अंबरने तिथे जमिनीखालून नहर आणली. उत्तरेच्या डोंगरउतारांत झिरपणारे पाणी भूमिगत नळांनी, उताराचे गणित सांभाळत शहरात आले. खडक न ओळखणाऱ्या माणसाच्या हातून ते झाले नसते. त्याआधी सहाशे वर्षे इराणातला गणिती अल-करजी यानेही जमिनीतले लपलेले पाणी शोधण्यावर अख्खे पुस्तक लिहिले होते. तेव्हा खडकात पाणी शोधणे हा वेडगळ छंद नाही. आणि वयाचेच म्हणाल तर ब्रिटनमध्ये एकवीस वर्षांचा माणूस पहिल्या पदवीला आला की त्याची गणना प्रौढ विद्यार्थ्यांत होते. त्या मापाने आपले बंधू प्रौढ होऊन सोळा वर्षे झाली.

आमचे मत असे पडते. बंधूंनी शिकावे. पण सरकारी नोकरी डोळ्यांपुढे ठेवून नाही. खाजगी अहवालांचे आणि गावपाण्याचे काम डोळ्यांपुढे ठेवावे. तिथे त्यांची पंधरा वर्षे मोजली जातील, सरकारी परीक्षेत ती शून्य आहेत. या उन्हाळ्यात कागद जुळवावेत, केंद्राला पत्र लिहून भूशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची खात्री करावी, जमल्यास पुण्याचे प्रशिक्षण करावे. आणि आजपासून एक वही घालावी. प्रत्येक बोअरची तारीख, गाव, गट नंबर, किती फुटांवर चुऱ्याचा रंग बदलला, पाणी किती फुटांवर लागले, किती इंची लागले, की कोरडी गेली. कोरड्या बोअरची नोंद पाण्याच्या बोअरइतकीच नीट ठेवावी. लोक ती ठेवत नाहीत. पाच वर्षांनी एम.एस्सी.च्या प्रबंधाला विषय शोधावा लागणार नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत ती वही टेबलावर ठेवता येईल.

भगिनींनी पत्राच्या शेवटी आणखी एक गोष्ट विचारली आहे. एका विहिरीच्या खोदकामातून बंधूंनी एक दगड घरी आणला. काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरट गुलाबी, पेंढीसारखे बांधलेले चकचकीत पापुद्रे. सासूबाई तो फेकून द्या म्हणतात, मुले त्याला हिरा म्हणतात. तो हिरा नाही. वर्णनावरून स्टिलबाइट नावाचे खनिज वाटते. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत ते तयार होते. महाराष्ट्रातले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. एक साधी परीक्षा घरी करता येईल. एक छोटा कण ठेचून पूड करा आणि वर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर ते कॅल्साइट. नाही आले तर दगड कापडात गुंडाळून ठेवा, आणि आत एक चिठ्ठी टाका. कुठल्या गावच्या विहिरीतून, किती फुटांवर, कोणत्या महिन्यात निघाला. चिठ्ठी मुलीच्या हाताने लिहून घ्या.